वीस मिलिमीटरचा गळा

मोटारसायकलचे इंजिन स्वतः बांधलेल्या चारचाकीत बसवायचे ठरले की पहिली गच्छंती होते ती पेट्रोलच्या टाकीची, आणि तिच्यासोबत टाकीखाली किंवा सीटखाली दडलेल्या एअरबॉक्सची. गिअरबॉक्स, वायरिंग, रेडिएटर हे सारे जपून उतरवले जाते. एअरबॉक्स मात्र प्लॅस्टिकची बेढब पेटी म्हणून कोपऱ्यात जाऊन पडते. तिच्या जागी थ्रॉटल बॉडीवर शंकूच्या आकाराचा कापडी फिल्टर क्लिपने आवळला जातो. इंजिन सुरू होते, आवाजही भरदार येतो. पण गाडी चालवून पाहिली की मधल्या फेऱ्यांना ताकद गायब असते. मग दोष कार्ब्युरेटरला, इंजेक्टरला किंवा पेट्रोलला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा कोपऱ्यात पडलेल्या त्या पेटीच्या अभावात असतो.

एअरबॉक्स म्हणजे फक्त फिल्टरचे घर नव्हे. तिच्यात काही लिटर शांत हवा साठलेली असते आणि इंजिन त्या साठ्यातून घोट घेते. तिचा आकार, तिच्या तोंडाची नळी आणि आतली जागा मुद्दाम मोजून ठरवलेली असते. इंधन किती द्यायचे याचे कंपनीने भरलेले तक्तेही ती पेटी जागेवर आहे असे धरूनच तयार केलेले असतात. ती काढली की हवेची वाट मोकळी होते हे खरे, पण इंजिनाचा हिशेब चुकतो. चारचाकीला हा फटका अधिक जाणवतो. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या मोटारसायकलसाठी बनवलेले इंजिन आता अडीचशे किलोचा सांगाडा आणि आत बसलेला चालक ओढत असते, आणि त्याला वरच्या टोकाच्या ताकदीपेक्षा मधल्या फेऱ्यांतला जोर अधिक लागतो.

अशा गाड्या बांधणारे महाराष्ट्रात थोडे नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातील एका कारागिराने दुचाकीच्या इंजिनावर चालणारी, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली. रस्त्यावर अशा गाडीला कायद्याने जागा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या वाहनात मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि नव्याने बांधलेल्या गाडीची नोंदणी मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीशिवाय होत नाही. त्यामुळे या उद्योगाचे हक्काचे मैदान म्हणजे खासगी जागा, रेसट्रॅक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्पर्धा.

मुंबईत या विद्येचा एक पत्ता माटुंग्यात आहे. १८८७ साली स्थापन झालेली, भायखळ्याहून १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी व्हीजेटीआय गिरण्यांच्या काळापासून शहराला इंजिनिअर पुरवत आली आहे. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या धर्तीची एकआसनी रेसिंग गाडी बांधणारा विद्यार्थ्यांचा संघ तिथे आहे. या प्रकारच्या स्पर्धेची सुरुवात १९८१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात झाली. भारतात २०११ पासून सुप्रा एसएई इंडिया आणि नंतर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी फॉर्म्युला भारत या स्पर्धांनी ती रुजवली. अलीकडे बरेच संघ विजेवरच्या गाड्यांकडे वळले आहेत. पण पेट्रोलच्या गाडीत इंजिन आजही मोटारसायकलचेच असते. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे एकसिलिंडर इंजिन भारतीय संघांच्या विशेष आवडीचे आहे, कारण ते हलके आहे, त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा मेकॅनिक गल्लीतच सापडतो.

हवेच्या वाटेचा खरा अभ्यास या स्पर्धांनी करायला लावला तो एका नियमामुळे. इंजिनात जाणारी सगळी हवा एकाच गोल छिद्रातून गेली पाहिजे, आणि पेट्रोलच्या गाडीसाठी त्या छिद्राचा व्यास २० मिलिमीटरपेक्षा मोठा नको. याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. नवख्या विद्यार्थ्यांच्या हाती अनावर ताकद जाऊ नये हा त्यामागचा हेतू. केटीएमच्या मूळ थ्रॉटल बॉडीचा व्यास ४६ मिलिमीटर आहे; म्हणजे क्षेत्रफळात हा गळा त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान झाला.

गळ्यातून हवा किती जाऊ शकते याला निसर्गाचीच मर्यादा आहे. सर्वांत अरुंद जागी हवेचा वेग तिथल्या ध्वनिवेगाइतका, म्हणजे सुमारे ३२० मीटर प्रतिसेकंद झाला, की पुढे इंजिनाने कितीही ओढ लावली तरी प्रवाह वाढत नाही. समुद्रसपाटीला, ३० अंश सेल्सिअस तापमानाला, २० मिलिमीटरच्या आदर्श गळ्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ७४ ग्रॅम हवा जाते. आता इंजिनाची गरज पाहू. ३७३ सीसीचे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेताना सेकंदाला ७५ वेळा श्वास घेते. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला असे धरले तरी हवा लागते सेकंदाला साधारण ३२-३३ ग्रॅम. हे गळ्याच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी आहे. ६०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन १३,००० फेऱ्यांना साधारण ७५-७६ ग्रॅमपर्यंत पोचते, म्हणून त्याला हा नियम जाचतो हे उघड आहे. मग एकसिलिंडर इंजिनाला तो का जाचावा?

कारण ३२ ग्रॅम ही सरासरी आहे, आणि इंजिन सरासरीने श्वास घेत नाही. चार स्ट्रोकच्या ७२० अंशांच्या चक्रात इनलेट व्हॉल्व्ह जेमतेम २४०-२५० अंश उघडा असतो. उरलेला दोन तृतीयांश काळ नळीत हवेला काही कामच नसते. सगळी हवा एक तृतीयांश वेळात आत जायची म्हणजे त्या काळातला प्रवाह सरासरीच्या तिप्पट, शंभर ग्रॅमच्या घरात जातो, आणि पिस्टन सर्वाधिक वेगात असताना त्याहूनही वर. थ्रॉटल, गळा आणि इंजिन एकामागोमाग सरळ जोडले तर प्रत्येक श्वासाला गळा तुंबतो आणि मग दोन तृतीयांश वेळ रिकामा बसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एकाचा श्वास संपता संपता दुसऱ्याचा सुरू होतो, म्हणून तिथे ही अडचण सौम्य असते. एकसिलिंडर इंजिनाच्या हवेचा प्रश्न मुख्यतः वेळेचा आहे. हे ध्यानात न घेता गळ्याची भिंत गुळगुळीत करण्यात महिने घालवणारे संघ दरवर्षी दिसतात.

यावर उपाय म्हणजे गळा आणि इंजिन यांच्यामधली हवेची टाकी, प्लेनम. चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी जे काम करते तेच हिचे काम: नळाला धार बारीक असली तरी ती सतत चालू राहते, आणि सकाळी सगळ्यांना एकदम लागणारे पाणी साठ्यातून मिळते. प्लेनम एक लिटरचा असेल तर ३७३ सीसीचा एक घोट त्यातली एक तृतीयांशाहून अधिक हवा उचलतो आणि आतला दाब कोसळतो. तीन लिटरचा असेल तर हीच घट ढोबळमानाने १२ टक्क्यांवर येते, आणि व्हॉल्व्ह बंद असताना गळ्याला तूट भरून काढायला वेळ मिळतो. म्हणून एकसिलिंडर इंजिनासाठी विस्थापनाच्या सहा ते दहा पट, म्हणजे सव्वादोन ते पावणेचार लिटर, एवढा साठा ठेवतात. त्याहून मोठा ठेवला तर दुसरी किंमत मोजावी लागते. पेडल दाबल्यावर आधी टाकी भरते आणि मग इंजिनाला कळते, पाय काढल्यावरही साठलेली हवा संपेपर्यंत जोर ओसरत नाही. छोट्या वळणांच्या ट्रॅकवर हा उशीर चालकाला छळतो. वाद झालाच तर कौल मोठ्या टाकीकडे द्यावा. उशिराची सवय होते, कोसळलेल्या दाबाची होत नाही.

गळ्याचा आकारही महत्त्वाचा, पण दुसऱ्या क्रमांकावर. पत्र्याला २० मिलिमीटरचे भोक पाडले तर नियम पाळला जातो. मात्र तीक्ष्ण कडेवरून वळताना झोत आणखी आकसतो आणि ते भोक प्रत्यक्षात सोळा ते अठरा मिलिमीटर असल्यासारखे वागते. म्हणून आत येताना गोलसर निमुळते होत जाणारे तोंड, मग नेमका २० चा गळा आणि पुढे सावकाश रुंदावत जाणारा भाग अशी रचना करतात. रुंदावणारा भाग सर्वांत नाजूक. इथे वेग कमी होऊन त्याचे पुन्हा दाबात रूपांतर व्हायचे असते. भिंतीचा कोन जास्त झाला की प्रवाह भिंतीपासून सुटतो, भोवरे होतात आणि दाब परत मिळत नाही. मधल्या अक्षाशी चार अंशांचा कोन ठेवून २० चे ४६ मिलिमीटर करायचे तर १८६ मिलिमीटर लांबी लागते. सहा अंश घेतले तर १२४. चालकाच्या पाठीमागे, रोल हूपच्या संरक्षक कमानीच्या आत एवढी जागा मिळवणे हीच खरी कसरत असते, आणि बहुतेक जण पाच-सहा अंशांवर तडजोड करतात.

प्लेनमपासून सिलिंडर हेडपर्यंतची नळी म्हणजे रनर. तिची लांबी मर्जीने ठरवता येत नाही. व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली जाऊ लागला की नळीतून कमी दाबाची लहर प्लेनमकडे धावते. मोकळ्या जागेत पोचताच ती उलटून जास्त दाबाची लहर होऊन परतते. व्हॉल्व्ह मिटण्याच्या जरा आधी ती हेडपाशी पोचली तर जास्तीची हवा आत ढकलते. ३० अंशांच्या हवेत ही लहर सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावते. जाऊन परत येण्यासाठी क्रँकचे ९० अंश मिळतात असे धरले, तर मिनिटाला ८,००० फेऱ्यांना वेळ मिळतो १.९ मिलिसेकंदांपेक्षा किंचित कमी आणि एकेरी लांबी येते सुमारे ३३ सेंटिमीटर. ६,००० फेऱ्यांसाठी तीच ४४ सेंटिमीटर होते. यात हेडमधल्या पोर्टची लांबीही धरलेली असते, हे विसरून केलेली नळी नेहमी लांब होते. लांब नळी म्हणजे खालच्या-मधल्या फेऱ्यांना जोर, आखूड म्हणजे वरच्या. गळ्यामुळे वरचे टोक तसेही कापले गेलेले असते, त्यामुळे लांब नळीकडे झुकणे शहाणपणाचे.

जोडणीचा क्रम हा आणखी एक सापळा. मोटारसायकलमध्ये थ्रॉटल इंजिनाला चिकटून असतो. नैसर्गिकपणे हवा घेणाऱ्या स्पर्धेच्या गाडीत नियमाने आधी थ्रॉटल, मग गळा, मग प्लेनम, मग रनर असा क्रम लागतो. थ्रॉटल बॉडी पुढे गेली तरी इंजेक्टर मात्र हेडजवळच हवा, त्याचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल असा. त्यासाठी रनरवर इंजेक्टरची नवी बैठक लेथवर कातून बसवावी लागते. शिवाय ४६ मिलिमीटरच्या थ्रॉटलपुढे २० चा गळा आला की पेडलच्या पहिल्या पाव भागातच सगळी हवा मिळून जाते आणि उरलेला पाऊण भाग नुसता दाबायचा राहतो. दीडशे-दोनशे सीसी वर्गातल्या मोटारसायकलची लहान थ्रॉटल बॉडी लावली तर पायाला ताबा परत मिळतो. २०१७ पासूनच्या केटीएम ३९० मध्ये थ्रॉटल विजेवर चालतो, केबलवर नाही. त्याआधीचे इंजिन मिळाले तर अर्धी डोकेदुखी वाचते.

सामान जमवण्याच्या बाबतीत मध्य आणि दक्षिण मुंबईसारखी जागा नाही. दादरहून लोकल पकडली की चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाउसचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडची सेन्सर आणि कनेक्टरची दुकाने, मशीद बंदरला नागदेवीची होज पाइप, क्लिप आणि हत्यारांची ओळ. एका दुपारी तिन्ही होतात. प्लेनम बनवायला मात्र विचार लागतो. थ्रॉटल मिटला असताना इंजिन प्लेनममधली हवा खेचून काढते आणि आतबाहेरच्या दाबातला फरक वातावरणाच्या सहा दशांशांपर्यंत जाऊ शकतो. वीस सेंटिमीटर बाजूच्या सपाट चौकोनी भिंतीवर तेव्हा सुमारे २५० किलो वजनाइतका भार येतो. सपाट पत्र्याची पेटी आत चेपते, तर बॅकफायर झाला की बाहेर फुगते. म्हणून दंडगोल किंवा अंडाकृती आकार.

दीड-दोन मिलिमीटरच्या ॲल्युमिनिअम पत्र्याला आर्गॉन वेल्डिंग हा सर्वांत भरवशाचा मार्ग. वजन वाचवायचे असेल तर फायबर. लालबाग-परळला गणपतीच्या मूर्तिशाळांमुळे साचाकाम जाणणारे हात आहेत, आणि साचा काढण्याची रीत तीच. फरक रेझिनमध्ये. मूर्ती-सजावटीच्या कामाचे साधे पॉलिएस्टर रेझिन इंजिनाच्या उष्णतेत मऊ पडते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या वाफेपुढे फार टिकत नाही. इथे इपॉक्सी हवे, तेही गरम करून पक्के केलेले. थ्री-डी छपाईचा पीएलए तर ६० अंशांच्या आसपासच नरम होतो. तो आकार तपासण्यापुरता वापरावा, इंजिनावर चढवू नये. छपाई नायलॉनची असेल तर चालते, पण थरांमधून हवा झिरपते, म्हणून आतून इपॉक्सीचा हात फिरवावा लागतो.

हवेची वाट बदलली की इंधनाचा हिशेब नव्याने मांडणे भागच पडते. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट आणि सुईची उंची बदलून काम भागते. इंजेक्शनच्या इंजिनात इंधन ठरवणाऱ्या मूळ संगणकाला, ईसीयूला, हा बदल कळतच नाही, म्हणून तक्ता भरता येणारा ईसीयू आणि धुराड्यात रुंद पट्ट्याचा लॅम्बडा सेन्सर हवा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा हे जुने गणित; पंपावरच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ते साडेतेराच्या आसपास येते. म्हणून आकड्यात न अडकता लॅम्बडावर, म्हणजे प्रत्यक्ष आणि आदर्श हवा-इंधन प्रमाणाच्या गुणोत्तरावर, काम करावे: पूर्ण जोराला ०.८६ ते ०.९०. प्लगचा रंग बघून मिश्रण ओळखण्याची मेकॅनिकांची पद्धत ढोबळ अंदाजाला ठीक, पण कमी पेट्रोलवर, म्हणजे लीन, चाललेल्या इंजिनाचा पिस्टन वितळायला एक लांब सरळ पट्टाही पुरतो.

एकसिलिंडर इंजिनात दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा काटा प्रत्येक श्वासाला नाचतो. तो रनरऐवजी प्लेनमला जोडला, तर वाचन बरेच स्थिर होते. तरीही कमी फेऱ्यांना थ्रॉटलच्या कोनावर आणि जास्त भाराला दाबावर इंधन ठरवणारा मिश्र तक्ता अधिक समजूतदार वागतो.

मुंबईची हवा या सगळ्यात आपला वाटा घेते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना हवेतल्या सुमारे साडेतीन टक्के जागेवर वाफ असते. तेवढा ऑक्सिजन कमी. उष्णतेचा फटका त्याहून मोठा. रेडिएटरच्या मागची ६० अंशांची हवा तोंडात गेली तर ३० अंशांच्या तुलनेत ती नऊ टक्के विरळ असते. म्हणून तोंड रेडिएटरच्या झोताबाहेर आणि चालकाच्या डोक्यामागे उंचावर ठेवतात. पावसाळ्यात कागदी फिल्टर भिजला की हवा अडते. तेल लावलेला कापडी फिल्टर आणि त्यावर पाण्याचे थेंब अडवणारी टोपी हा इथला उपाय. सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तपासणीला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक फिल्टरच्या मागच्या बाजूला जोडले की फिल्टर किती हवा अडवतो ते दिसते. पातळीतला ३०० मिलिमीटरचा फरक म्हणजे वातावरणाच्या जवळपास तीन टक्के तोटा, तिथे फिल्टर मोठा करावा. नळी पुरेशी उंच ठेवावी, नाहीतर पाणी थेट इंजिनात जाईल. गळती शोधायला प्लेनममध्ये हलका दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. शेवटची चाचणी सर्वांत सोपी: इंजिन चालू असताना थ्रॉटलचे तोंड फळीने बंद करायचे. तळहात लावू नये, बॅकफायरची ज्वाळा तिथूनच बाहेर येते. इंजिन लगेच बंद पडले तर सगळी हवा गळ्यातूनच येते आहे. धडधडत चालू राहिले तर कुठेतरी चोरवाट आहे, आणि ती सहसा रनरच्या रबरी सांध्याशी किंवा इंजेक्टरच्या ओ-रिंगपाशी सापडते.

इतके करूनही माटुंग्यात जुळवलेली गाडी कोइम्बतूरला तशीच्या तशी चालेल याची खात्री नसते. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच टक्क्यांनी कमी भरतो. गळ्यातून जाणारी कमाल हवाही तेवढीच घटते. केवळ थ्रॉटलच्या कोनावर इंधन देणारी गाडी तिथे पाच टक्के जास्त पेट्रोल ओतते, प्लग काळे पडतात आणि कमी फेऱ्यांना मिसिंग होते. ईसीयूला बाहेरच्या दाबाचा वेगळा सेन्सर जोडून तक्त्यात त्याची दुरुस्ती भरून ठेवली, तर हा प्रश्न उद्भवत नाही. सेन्सर नसेल तर पोचल्यावर पहिला अर्धा दिवस लॅम्बडा बघत तक्ता खाली आणण्यासाठी राखून ठेवावा लागतो.